भिंगाखालची खरेदी

शंभराच्या नोटेवर एक मजकूर आहे, जो आपण सगळे खिशात घेऊन हिंडतो आणि कधी वाचत नाही. नुसत्या डोळ्यांना जिथे बारीकशी रेघ वाटते, तिथे खरं तर अक्षरं असतात. 'भारत', 'आरबीआय', आकड्यात रक्कम, पुन्हा 'भारत'. खोट्या नोटा छापणाऱ्यांची पंचाईत व्हावी म्हणून ती मुद्दाम इतकी बारीक ठेवलेली असतात. हे मला वाचून ठाऊक होतं. डोळ्यांनी दिसलं ते परवा, रविवार पेठेत एक भिंग विकत घेताना. भिंगाची परीक्षा म्हणून द्यायची नोटच त्याखाली धरली. बराच वेळ मी मान वर करेना, तेव्हा दुकानदार म्हणाले, "ताई, नोट आम्ही तपासायची असते."

हे भिंग म्हणजे घड्याळजी आणि सराफ डोळ्याला लावतात ते, दहापट मोठं दाखवणारं. त्यापाठोपाठ आणखी तीन वस्तू घरी आल्या: एक शाईचं पेन, एक बिडाचा तवा आणि उन्हाळा तोंडावर आला म्हणून एक माठ. चौघांचं बिल एकत्र केलं तरी बऱ्यापैकी मोबाइलच्या एका हप्त्याइतकं होणार नाही. खरेदीची मौज पिशवी रिकामी होईपर्यंतच टिकते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला वाटतं, ती तक्रार वस्तूची नसते. ती चालते कशी, हे विचारायचं आपण विसरतो, म्हणून मौज लवकर आटोपते. या चार वस्तूंना तो प्रश्न विचारायचा, असं मी ठरवलं. त्यातली पहिली वस्तू बाकीच्या तिघींची चौकशी करायला कामी आली, हे तिचं वेगळं मोल.

भिंग धरायची आपली पद्धत गुप्तहेरांच्या चित्रांवरून आलेली आहे: हात लांब, भिंग वस्तूजवळ आणि चेहरा मागे. या छोट्या भिंगाचं काम बरोबर उलटं. ते डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि वस्तू हळूहळू जवळ आणत जायची. सुमारे अडीच सेंटिमीटरवर आली की एकदम लख्ख. हा अडीचचा आकडा हवेतून आलेला नाही. धडधाकट डोळ्याला साधारण २५ सेंटिमीटरपर्यंत जवळची वस्तू आरामात स्पष्ट दिसते, असं धरतात. त्याहून जवळ नेली तर ती मोठी दिसते खरी, पण धुरकट होते; डोळ्यातलं भिंग तेवढं वाकत नाही. (चाळिशीनंतर तर ते २५ सेंटिमीटरचंही मनावर घेत नाही.) काचेचं भिंग ते उरलेलं वाकण्याचं काम डोळ्याच्या वतीने करतं. २५ च्या जागी अडीच, म्हणजे दहापट. वस्तू मोठी होत नाही, आपल्याला तिच्या दहापट जवळ जायची मुभा मिळते. हे समजल्यापासून भिंग डोळ्याला लावताना मला कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटतं.

लंडनच्या रॉबर्ट हुक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या गोष्टींचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक १६६५ मध्ये काढलं. त्यातली पिसवेची भलीमोठी आकृती प्रसिद्ध आहे; बुचाच्या कापात त्यांना दिसलेल्या खोल्या तर शाळेच्या पुस्तकात येतात. पण पुस्तकाची सुरुवात कशाने होते? सुईच्या टोकाने. त्यांना ते टोक बोथट आणि ओबडधोबड दिसलं. मग वस्तऱ्याची धार, तीही खाचाखोचांची. आणि छापील पूर्णविराम, जो त्यांना वेडावाकडा डाग वाटला. आधी घरातल्या वस्तू, मग निसर्ग, हा क्रम मला फार आवडतो. त्याच सुमारास हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेव्हेनहुक नावाचे गृहस्थ कापडाचा धंदा करत होते. कापड व्यापारी धागे मोजायला भिंग वापरतात. हे गृहस्थ स्वतःची भिंगं घासायला लागले आणि पुढे पाण्याच्या थेंबात, दातांच्या किटणात त्यांनी जिवाणू पाहिले.

माझं भिंग दहापटीचं, त्यामुळे जिवाणूंची आशा नाही. पण रोजचं वर्तमानपत्र पुरेसं आहे. फोटोतल्या माणसाचा चेहरा भिंगाखाली नाहीसाच होतो. उरतात निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके. चारच रंग. त्यातून नेत्यांचे कुर्तेही छापतात आणि अळूच्या वड्याही. मोबाइलच्या पडद्यावर त्याहून मोठं आश्चर्य आहे. हळदीचा फोटो उघडा आणि त्यातल्या पिवळ्या भागावर भिंग धरा. पिवळा रंग कुठेच नाही. लाल आणि हिरव्या दिव्यांच्या रांगा आहेत, निळे जवळजवळ विझलेले. पिवळा तयार होतो तो आपल्या डोक्यात. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात. खऱ्या पिवळ्या उजेडाने त्यातल्या दोन प्रकारच्या पेशी जेवढ्या चाळवतात, तेवढ्याच लाल आणि हिरवा एकत्र आल्यावरही चाळवतात. मेंदूला दोन्ही खबरी सारख्याच येतात. डोळा असा तीन रंगांवर चालत असावा, हा अंदाज थॉमस यंग यांनी १८०२ मध्ये बांधला होता. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये एका रंगीत फितीचे तीन वेगळे फोटो तीन रंगांच्या उजेडात एकावर एक टाकून रंगीत चित्र उभं करून दाखवलं. आपल्या खिशातला प्रत्येक पडदा अजून त्याच युक्तीवर चालतो. भिंग नसेल तर पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. त्याच्या फुगीर पाठीतून लाल-हिरवे-निळे ठिपके दिसतात. फोन महाग असेल तर दुसऱ्याचा घ्या.

आता पेन. माझं पेन एबोनाइटचं आहे, लेथवर हाताने वळवलेलं. एबोनाइट म्हणजे रबरच, पण त्यात गंधक इतकं भरपूर घालून तापवतात, की ते लवचीकपणा सोडून शिसवी लाकडासारखं टणक होतं. अजूनही पेन तळहातात जरा चोळलं, की गंधकाचा पुसटसा वास येतो. घरात हा वास फक्त मलाच आवडतो. आंध्रातल्या राजमहेंद्रीला रत्नम यांनी १९३० च्या दशकात अशी देशी पेनं करायला घेतली, ती गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहापोटी. १९३५ मध्ये गांधीजींनी पत्र लिहून त्यांना पेन पसंत पडल्याचं कळवलं. आपल्याकडे मुंबईत १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. पाण्यात वडी विरघळवायची, की शाई तयार. पहिली खूण होती घोड्याची. मग उंट आला, आणि तो उंट शाळकरी बोटांवर इतकी वर्षं निळे डाग पाडत राहिला, की पुढे 'कॅमलिन' या नावातही जाऊन बसला.

निब भिंगाखाली धरली. मधोमध एक चीर, ती वर एका गोल छिद्रापासून निघते आणि टोकाकडे अरुंद होत जाते. टोकाशी चमकणारा एक इवलासा गोळा. निब स्टीलची असो की सोन्याची, कागदावर घासते ती हीच जागा, म्हणून तिथे फार कठीण मिश्रधातू डकवलेला असतो. पूर्वी ऑस्मियम आणि इरिडियम वापरत. आजच्या बऱ्याच निबांवर 'इरिडियम पॉइंट' असं अभिमानाने कोरलेलं असतं, आणि आत बहुधा इरिडियमचा पत्ता नसतो. टंगस्टन किंवा रुथेनियमची मिश्रणं असतात. कुणाची फसवणूक होते असं नाही, गोळा तसाच टिकतो. नाव मात्र मागे राहून गेलंय.

खरी गंमत चिरेची. पेन उभं धरलं तर शाई खाली का सांडत नाही? आणि लिहिताना खाली का येते? पहिला प्रश्न बहुतेकांना सुचत नाही, दुसऱ्याचं उत्तर बहुतेकजण 'वजनाने' असं देतात. तसं असतं तर झाकण उघडल्याबरोबर टेबल निळं झालं असतं. पाणी अरुंद जागेत आपणहून शिरतं, कारण भिंतीला चिकटायची त्याला ओढ असते आणि त्याचे कण एकमेकांनाही सोडत नाहीत. जागा जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. अर्ध्या मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतक्या, म्हणजे ०.१ मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी गुरुत्वाकर्षणाला न जुमानता सुमारे ३० सेंटिमीटर वर चढतं. वहीच्या पानाची उंची झाली ही! निबेची चीर टोकाकडे अरुंद होते ती यासाठीच. शाई नेहमी जास्त अरुंद जागेकडे जाते, म्हणून ती टोकाशी येऊन थांबते आणि थांबूनच राहते. तिला पुढे जायला त्याहून अरुंद जागा हवी. ती कुठे असते? कागदात. कागद म्हणजे लगद्याच्या तंतूंचं जाळं, आणि तंतूंमधल्या फटी चिरेहूनही बारीक. निब कागदाला टेकली, की शाईला पुढची वाट मिळते. म्हणजे आपण पेनाने लिहितो हे बोलणं अर्धवट आहे. पेन शाई तयार ठेवतं, ओढून घेतो तो कागद.

म्हणूनच बॉलपेनसारखं दाबायचं नसतं. शाईपेनाने लिहिणाऱ्याचा हात हलका होतो तो संस्काराने नव्हे, तर दाबण्याचं काही कामच उरत नाही म्हणून. आणि म्हणूनच वर्तमानपत्राच्या कागदावर शाई फुटते. वहीच्या कागदावर स्टार्च किंवा तत्सम खळीचा हात फिरवलेला असतो, त्याने फटी बऱ्याच बुजतात. वर्तमानपत्राचा कागद उघडाच असतो. शाई तंतू धरून दिसेल तिकडे पळते. भिंगाखाली फुटलेलं अक्षर पाहिलं, तर एकेक तंतू निळा झालेला ओळखू येतो.

अजून एक कोडं उरतं. शाई बाहेर गेली की आत तेवढी जागा रिकामी होणार. तिथे हवा शिरली नाही तर उरलेली शाई बाहेर येईनाच. हवा आत, शाई बाहेर, आणि दोघींची वाट एकच. निबेखालची ती काळी पट्टी, जिला आम्ही शाळेत 'जीभ' म्हणायचो, हा सगळा कारभार पाहते. तिच्यावर केसासारखी बारीक पन्हळ असते. शाई तिच्यातून पुढे सरकते आणि हवेचे बुडबुडे मागे जातात. न्यू यॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये अशा पन्हळींच्या रचनेचं पेटंट घेतलं. ते विमा एजंट होते आणि मोठ्या करारावर सही घेताना शाई सांडल्यामुळे इरेला पेटून त्यांनी हे केलं, अशी एक कथा सांगतात. ती इतकी बेतशीर आहे, की मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. जिभेच्या अंगाला फणीसारखे दाते असतात ते शोभेचे नाहीत. हाताच्या उबेने पेनातली हवा फुगते आणि शाईला ढकलते. ती जादाची शाई या दात्यांच्या फटींत जाऊन बसते, शर्टाच्या खिशावर येत नाही. विमानात पेन गळतं ते हे दाते तुडुंब झाल्यावर. आणि ही अरुंद जागांची ओढ नीट मोजून पाहणाऱ्या आरंभीच्या लोकांत कोण होतं? तेच रॉबर्ट हुक. १६६१ मध्ये त्यांनी काढलेली पहिली छोटी पुस्तिका बारीक नळ्यांत पाणी का चढतं याच विषयावर होती. निबेचं टोक पाहायचं भिंग आणि त्या टोकातली शाई, दोन्हींच्या वाटेवर हा माणूस आधी येऊन गेलेला.

जाता जाता: काळ्या शाईचा एक ठिपका टिपकागदाच्या पट्टीवर काढा आणि पट्टीचं खालचं टोक पाण्यात बुडवा, ठिपका मात्र पाण्याच्या वर राहू द्या. पाणी चढता चढता काळ्याचे तुकडे करतं. जांभळा, निळा, कधी पिवळसर. काळी शाई बहुधा काळी नसतेच.

बिडाचा तवा तुळशीबागेजवळून आणला. वजनदार, करडा, हाताला खरखरीत. तो खरखरीतपणा भिंगाखाली पाहिला आणि मी चाटच पडले. तवा म्हणून जे दिसतं, तो वाळूचा ठसा आहे. बिडाच्या वस्तू वाळूच्या साच्यात ओततात: वाळू, थोडी चिकणमाती, थोडं पाणी, दाबून बसवायचं, आणि मधल्या पोकळीत वितळलेलं लोखंड सोडायचं. वाळूचा कण न् कण आपली खूण सोडून जातो. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत इंजिनांचे आणि पंपांचे सुटे भाग असेच ओततात. साचा फोडला की वाळू पुन्हा पुढच्या साच्याला. नवा तवा घासून गुळगुळीत केलेला नसेल, तर तुम्ही भाकरी भाजता ती त्या वाळूच्या छापावर.

बीड वितळवता येतं ते त्यातल्या कार्बनमुळे. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं, जुन्या भट्ट्यांच्या आवाक्याबाहेर. त्यात अडीच ते चार टक्के कार्बन मिसळला, की ते बाराशेच्या आतबाहेर पातळ होतं. गार होताना हा कार्बन पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा पडतो. तेच ग्रॅफाइट, पेन्सिलीत असतं ते. त्याच्यामुळेच बीड करडं दिसतं, पडलं तर तडकतं, आणि बोटाने टिचकी मारली तर स्टीलच्या ताटासारखं ठण्ण न वाजता बद्द वाजतं. ग्रॅफाइटचे पापुद्रे कंपनं गिळून टाकतात. यंत्रांचे पाये बिडाचे करतात ते याच कारणाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात नांगर ओतले ते बिडाचेच. लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी हात लावीनात, आणि पहिले काही नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. आता त्याच धातूबद्दल बरोबर उलट कौतुक ऐकू येतं, की बिडात शिजवलं की अंगाला लोह मिळतं. आंबट पदार्थ शिजवला तर थोडंफार मिळतंही.

तवा घरी आणला तेव्हा आई म्हणाली, "तवा आणलास, पण तो अजून कामाचा नाही गं." मग तांदळाचं धुवण, मग तेलाचा हात, तापवणं, निववणं, पुन्हा तेल. अंगावरचं तेल हळूहळू काळं होतं, मग चकचकीत होतं, मग बोटाला लागत नाही. कुठे जातं? कुठेच नाही. तेलाच्या लांब रेणूंत जिथे जोडबंध मोकळे असतात, तिथे उष्णता आणि हवेतला प्राणवायू मिळून शेजारच्या रेणूशी गाठ मारतात. गाठींवर गाठी पडत एक जाळं तयार होतं, ते ना विरघळतं ना वितळतं. तव्याच्या त्या खरखरीत खळग्यांत ते घट्ट पाय रोवून बसतं; वाळूचा ठसा इथे उपयोगी पडतो. जवसाच्या तेलात असे मोकळे बंध भरपूर, म्हणून ते उघड्या हवेतही वाळतं. राजा रविवर्म्यांची तैलचित्रं कोरडी झाली ती याच रसायनाने, आणि नव्या क्रिकेट बॅटला जवसाचं तेल पाजतात तेही त्यासाठीच. खोबरेलात असे बंध जवळजवळ नसतात. कोकणात घरोघर असूनही तव्याला ते मानवत नाही. कितीही पाजा, चिकटच राहतं.

तवा तापला का, हे पाहायला आईने पाण्याचे शिंतोडे मारले. थेंब चुर्र करून विरले. आच वाढवून पुन्हा मारले, तेव्हा थेंब विरेनात. मोत्यासारखे गोल होऊन तव्यावर नाचू लागले. जास्त तापलेल्या तव्यावर पाणी जास्त वेळ टिकतं! योहान गोटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये हे लिहून ठेवलं. लाल तापवलेल्या लोखंडी चमच्यात त्याने थेंब सोडला, तर तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास टिकला; चमचा निवत गेला तसे पुढचे थेंब लवकर लवकर उडून गेले. कारण असं, की दोनशे अंशांच्या आसपास किंवा वर थेंबाचा तळ टेकायच्या आतच वाफ होतो, आणि ती वाफ थेंबाला उचलून धरते. मध्ये वाफेची गादी, तिच्यातून उष्णता सावकाश जाते. आमच्याकडे यावरून निकाल लागतो: थेंब नाचले म्हणजे आच कमी करा, घावन घालायची वेळ पुढे गेली.

घावनाचं पातळ पीठ ओतलं की बिडाचा मोठेपणा कळतो. अॅल्युमिनियम उष्णता चार-पाच पट वेगाने पसरवतं, त्या बाबतीत बीड चक्क मंद आहे; तवा तापायला वेळ घेतो आणि ज्योतीच्या वर जास्त तापतो. पण जाड, जड तव्यात साठा मोठा असतो. गार पीठ पडल्यावर पातळ तवा एकदम निवतो, हा बधत नाही. पिठातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वर फुटून निघते तिथे भोक पडतं. घावनाची जाळी म्हणजे त्या वाफेच्या वाटा. आणि खालचा तो बदामी रंग, खरपूस वास, प्रथिनं आणि साखरा एकत्र तापल्याने येतो. लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये त्याचा अभ्यास मांडला. पहिलं घावन मात्र नियमाप्रमाणे चिकटलं. ते कुत्र्याला गेलं.

माठापाशी येईपर्यंत भिंगाची मिजास उतरली. कुंभारवाड्यातल्या बाईंनी माठ बोटाच्या पेराने वाजवून दाखवला, खणखणीत. चीर असती तर आवाज फुटका आला असता. वरून बघितलं तर मातीत अभ्रकाचे कण चमकतात, एवढंच. ज्या छिद्रांमुळे माठ माठ होतो, ती दहापटीत दिसतच नाहीत. माती कालवताना राख, भुसा, कधी घोड्याची लीद मिसळतात. भट्टीत ती जळून जाते आणि तिची रिकामी जागा मागे राहते. तिच्यातून पाणी पाझरत बाहेर येतं. पुन्हा तीच अरुंद जागेची ओढ, निबेतली. पहिल्या दिवशीच्या पाण्याला येणारा मातीचा वास उत्तर प्रदेशात कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीतून काढून चंदनाच्या तेलात बसवतात. आम्हाला तो माठाबरोबर फुकट मिळाला.

बाहेर आलेलं पाणी उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जातं. किती? हिशेब करून पाहिला. उन्हाळ्याच्या तापमानात एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. दहा लिटर पाणी दहा अंशांनी निववायला लागतात एक लाख. म्हणजे उडायला हवं फक्त १७० ग्रॅमच्या आसपास, फुलपात्रभरही नाही. बाहेरची ऊब सारखी आत येत असते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त लागतं. तरीही फुलपात्रभर पाण्याने कळशीभर पाणी गार करायचं, वीज नाही, आवाज नाही, हा व्यवहार कुठलाही फ्रिज करणार नाही.

पण माठाला मर्यादा आहे आणि ती मातीची नाही, हवेची आहे. पाणी उडायला हवेत जागा हवी. नागपूरला दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २२ च्या आसपास थांबतो. माठ त्याच्या जवळपास पोचू शकतो. मालवणला ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तोच थर्मामीटर २९ ला अडतो. नागपूरहून नऊ अंशांनी कमी तापलेल्या गावात माठाचं पाणी सात अंशांनी जास्त गरम! मालवणकडचे आमचे पाहुणे 'तुमच्या घाटावरच्या माठांची माती चांगली' म्हणतात, त्यांना मी आता हा हिशेब ऐकवते. ते ऐकून घेतात आणि सोलकढी मागतात.

कुंभारवाड्यातल्या बाईंनी मात्र हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं: "वाऱ्याला ठेवा, उन्हाला नको." आमचं बोअरचं पाणी जड. बाहेरच्या अंगावर पांढरी कड धरायला लागली आहे; भिंगाखाली तिचे स्फटिक झकास दिसतात, पण तेच छिद्रं बुजवतात आणि माठ मग गार करेनासा होतो. साबण चालत नाही, तो छिद्रांत बसतो. नारळाची शेंडी आणि साधं पाणी, दर रविवारी, आणि ते काम ज्याने माठ आणला त्याचं, असं घरात ठरलं आहे.